बाळंतिणीची वही

दवाखान्यातून घरी येताना बाळाबरोबर एक फाइल येते. बाळाचं वजन, लसींच्या तारखा, काविळीची तपासणी, सगळं तिच्यात असतं. घरी आलं की कुणीतरी हौसेने वही सुरू करतं: किती वाजता पाजलं, शू किती वेळा, शी कुठल्या रंगाची. माझ्या पहिल्या बाळंतपणात ही वही माझ्या आईने ठेवली होती. नवव्या दिवशी मला ताप भरला. तो कधीपासून आहे, काल किती होता, अंगावरून किती जातंय असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आम्ही मायलेकी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. वहीत बाळाच्या शूची वेळ मिनिटासकट होती. माझ्याबद्दल एक ओळ नव्हती.

दुसऱ्या वेळी मी तीच पद्धत ठेवली, फक्त वही उलटी करून मागूनही सुरू केली. पुढून बाळ, मागून मी. त्या मागच्या पानांवर काय लिहायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, ते इथे क्रमाने सांगते. माझं पहिलं बाळंतपण नॉर्मल झालं, टाके पडले. दुसरं सिझर. त्यामुळे दोन्हीकडचे वार सोसलेत. डॉक्टर मात्र मी नाही, तेव्हा औषधाचं नाव आणि मात्रा तुझ्या डॉक्टरांकडूनच घे.

आठव्या महिन्यातच करून ठेवायच्या गोष्टी

बाळाची झबली-टोपडी कुणी ना कुणी आणतंच. तुझं सामान तुलाच आणावं लागेल. मोठ्या मापाचे पॅड चार-पाच पाकिटं, कमरेच्या वर जाणाऱ्या सैल सुती चड्ड्या (सिझर झालं तर इलॅस्टिक नेमकं जखमेवर बसतं म्हणून), पुढून उघडणारे गाउन, एक डिजिटल थर्मामीटर, आणि जमलं तर बीपीचं मशीन. लघवीनंतर खालून पाणी ओतायला तोटीची प्लास्टिकची बाटली किंवा साधा लहान मग. शेकायला रबरी पिशवी.

दोन गोष्टी ठरवून ठेव. एक, रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार. सरकारी सेवेचे क्रमांक फ्रिजवर चिकटव: तातडीला १०८, बाळंतिणीला दवाखान्यात ने-आण करायला १०२. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि ही ने-आण मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे, तरी कितीतरी घरांत अजून खासगी रिक्षाच शोधत बसतात. दोन, तांबी बसवायची असेल तर आत्ताच डॉक्टरांशी बोल. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत ती बसवता येते, पण कळा सुरू असताना हा विषय कुणाला सुचत नाही.

आणि घरात एका माणसाचं काम फक्त ‘तू’ असेल असं बघ. बाळाला घ्यायला दहा हात पुढे येतात. तुला पाण्याचा तांब्या भरून देणारा एक हात आधीच नेमलेला बरा.

वहीचं मागचं पहिलं पान: कधी थांबायचं नाही

हे पान आधीच लिहून ठेव आणि घरातल्या दोघांना तरी वाचायला लाव, कारण वेळ येईल तेव्हा तू वाचण्याच्या स्थितीत असशीलच असं नाही. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

– तासाभरात एक मोठा पॅड चिंब होतोय आणि पुढच्या तासालाही तसंच. किंवा लिंबाहून मोठ्या गाठी पडतायत. चक्कर, घाम, हातपाय गार पडणं बरोबर असेल तर एक तासही थांबू नको.
– ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर. थंडी वाजून येत असेल, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास असेल तर जास्तच.
– न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज. बीपी १४०/९० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव, १६०/११० असेल तर थेट दवाखाना. झटके आले तर १०८.
– एकाच पायाची पोटरी सुजलीय, दुखतेय, गरम लागतेय. किंवा छातीत दुखतंय, धाप लागतेय.
– सिझरच्या जखमेतून पू, जखम उघडणं, लाली पसरत जाणं.
– स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटणं, नसलेले आवाज ऐकू येणं, दोन-तीन रात्री झोप नसूनही भलताच हुरूप असणं आणि बोलणं असंबद्ध होणं.

बीपीचं एवढ्यासाठी सांगते की बाळंत झालं म्हणजे बीपीचा प्रश्न सुटला असं सगळे धरून चालतात. गरोदरपणी बीपी नॉर्मल असलेल्या बाईचंही प्रसूतीनंतर वाढू शकतं, आणि हा धोका साधारण सहा आठवडे असतो. ‘जागरणाने डोकं दुखतंय’ म्हणून बाम चोळत बसण्याआधी मशीन लाव.

पहिला दिवस

प्रसूतीनंतर गर्भपिशवी साधारण एक किलोची असते आणि बेंबीपाशी हाताला कडक गोळ्यासारखी लागते. तो गोळा कडक असणं चांगलं. वार पडून गेलेली जागा त्याच आवळण्याने बंद होते आणि रक्त थांबतं. पुढे रोज साधारण एक बोटभर ती खाली उतरते, दोन आठवड्यांत वरून लागेनाशी होते, आणि सहा आठवड्यांनी ५०-७० ग्रॅमवर येते. म्हणून नर्स येऊन पोट दाबते तेव्हा ‘दुखतंय, नको’ म्हणू नको. ती हेच बघत असते.

बाळ पाजताना ओटीपोटात कळ येते तीही याच कारणाने. पाजताना जे ऑक्सिटोसिन पाझरतं ते दूधही उतरवतं आणि पिशवीही आवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या कळा जास्त जाणवतात. मला तर वाटलं होतं आत काहीतरी राहून गेलंय. तीन-चार दिवसांत त्या विरतात.

सहा तासांच्या आत लघवी झाली पाहिजे. नळी काढली असेल तर काढल्यापासून सहा तास. मूत्राशय तुडुंब भरलं की पिशवीला आवळता येत नाही आणि रक्तस्राव वाढतो. लघवी होत नसेल तर नळ सोड, कोमट पाणी ओत, तरी झाली नाही तर नर्सला सांग. लाजू नको. वहीतली पहिली नोंद हीच: लघवी, किती वाजता.

पहिल्यांदा उठताना कुणालातरी धरूनच उठ. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून पाच मिनिटं बस, मग उभी राहा. बाथरूमला आतून कडी घालायची नाही.

तुझा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांत मिळायला हवं. ते झालं का, हे डिस्चार्जच्या आधी तूच विचार.

अंगावरून जाणं

पहिले तीन-चार दिवस लालभडक, मग दहाएक दिवसांपर्यंत गुलाबी-तपकिरी, मग पिवळट-पांढरट. हे सगळं चार ते सहा आठवडे चालतं. सिझर झालं तरी जातंच. ‘पोटातून बाळ काढलं तर खालून रक्त का?’ असं मला चांगल्या शिकलेल्या मैत्रिणीने विचारलंय. बाळ कुठूनही येवो, वारेची जागा आतच भरून यायची असते.

वहीत रोज पॅड किती आणि रंग कुठला, एवढंच लिही. याचा खरा उपयोग दुसऱ्या आठवड्यात होतो. रंग फिकट होत आलेला असतो, तुला बरं वाटायला लागतं, तू दोन बादल्या कपडे पिळतेस किंवा पाहुण्यांसाठी तास-दीड तास ओट्यापाशी उभी राहतेस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. शरीराने पाठवलेली ती चिठ्ठी समज. एक-दोन दिवस आडवी हो, बहुतेक वेळा फिकट होतं. झालं नाही किंवा वाढलं तर डॉक्टर.

पॅड चार तासांनी बदल, भरला नसला तरी. कप किंवा टॅम्पॉन सहा आठवडे नाही.

खालचे टाके

पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं ठेव, सुजेला उतार पडतो. नंतर दिवसातून दोन-तीनदा टबमध्ये कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बस. पाण्यात डेटॉल, तुरटी, हळद काही घालायचं नाही. साधं पाणी. नंतर स्वच्छ कपड्याने टिपून कोरडं कर, चोळायचं नाही. धुताना आणि पुसताना हात पुढून मागे.

लघवीला आग होत असेल तर लघवी करतानाच बाटलीने कोमट पाणी सोडत राहा.

टाके बहुतेक विरघळणारे असतात. दोनेक आठवड्यांनी दोऱ्याचा तुकडा पॅडवर दिसला तर ‘टाका तुटला’ म्हणून दचकू नको. दुखणं मात्र दिवसागणिक कमीच व्हायला हवं. पाचव्या दिवशी तिसऱ्यापेक्षा जास्त दुखत असेल तर दाखव.

आता पहिल्या शीबद्दल, कारण कुणी बोलत नाही. भीती वाटते की टाके उसवतील. उसवत नाहीत. स्वच्छ पॅडची घडी पुढून टाक्यांवर हलकी दाबून धर, पाय छोट्या स्टुलावर ठेव, कुंथू नको. माझ्या पहिल्या वेळी शेजारच्या एका काकूंनी ‘बाळंतिणीला पाणी कमी द्यावं, पोट सुटतं’ असं सांगितलं आणि आमच्या घरी ते मानलं गेलं. सात दिवस. त्या सातव्या दिवसाचं वर्णन करत नाही. पाण्याने पोट सुटत नाही. दर पाजण्याच्या वेळी एक भांडं पाणी, हा हिशेब सोपा. शी घट्ट राहिलीच तर इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं सौम्य औषध घे.

सिझर असेल तर

सिझर म्हणजे सात थर कापून शिवलेली मोठी शस्त्रक्रिया, आणि ती झाल्यावर चार तासांत तुझ्या कुशीत बाळ देतात. अपेंडिक्स काढलेल्या माणसाला कुणी रात्री तीनदा उठवत नाही, हे घरच्यांना ऐकव.

अंथरुणातून सरळ उठायचं नाही. गुडघे वाक, कुशीवर वळ, हाताने रेटा दे, पाय खाली सोड. खोकला, शिंक, हसू आलं की उशी पोटाला घट्ट धर. दुखण्याची गोळी वेळेवर घे. ‘दुधातून बाळाला जाईल’ म्हणून न घेण्याने तू हलत नाहीस, आणि न हलण्याने पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो. डॉक्टर पाजणाऱ्या आईला चालणाऱ्याच गोळ्या देतात. पहिल्या दिवसापासून खोलीतल्या खोलीत चालणं हे औषधच आहे.

सहा आठवडे बाळाहून जड काही उचलायचं नाही. भरलेली बादली, गॅसची टाकी, मोठं मूल, सगळं त्यात आलं. मोठं मूल गळ्यात पडायला येतं तेव्हा जीव तुटतो. खाली बसून त्याला कुशीत घे, उचलू नको.

जखमेवर साबणाचं पाणी वाहू दे, टिपून कोरडी कर. हळद-तेल, पावडर, कुणी दिलेला लेप नको. पोट सुटलेलं असेल तर घडी जखमेवर येऊन ओल धरते, तिथे आंघोळीनंतर पंख्याखाली पाच मिनिटं पड. व्रणाच्या वरची कातडी काही महिने बधिर लागते. माझी अजून बोटभर जागा तशीच आहे.

कमरेत दिलेल्या इंजेक्शनबद्दल: बसलं-उभं राहिलं की डोकं फुटल्यासारखं दुखणं आणि आडवं होताच थांबणं, हे पहिल्या काही दिवसांत झालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळव, त्यावर इलाज आहे. पण दहा वर्षांनी दुखणाऱ्या कमरेचं खापर त्या सुईवर फोडू नको. ती कमर बहुतेक वेळा वाकून पाजल्याने, वाकून लंगोट बदलल्याने आणि सैल पडलेल्या पोटाने दुखते.

दूध

पहिले दोन-तीन दिवस थोडाच येणारा घट्ट पिवळा चीक बाळाला पुरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगड होते. त्या दिवशी थोडी कणकणही जाणवते आणि तीच संध्याकाळ रडण्याचीही असते. पाजण्याआधी थोडं दूध हाताने काढून काळा भाग मऊ कर, नाहीतर बाळाच्या तोंडात फक्त टोक जातं. पाजून झाल्यावर गार पट्टी. पूर्वी गरम शेक आणि जोरात चोळणं सांगत. चोळण्याने आतली सूज वाढते.

टोकाला चिरा पडल्या तर मलमापेक्षा बाळाचं तोंड बघ. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसणारा. पहिल्या क्षणानंतरही दुखत असेल तर करंगळी तोंडात सरकवून सोडव आणि पुन्हा लाव. हे दहादा करावं लागतं. दवाखान्यात असतानाच नर्सला समोर उभं करून करून घे.

एका बाजूला लाल, गरम चट्टा आणि ताप आला तर पाजणं बंद करायचं नाही. बाळाला त्याने काही होत नाही, दूध थांबवल्याने मात्र गळू होऊ शकतं. माझा नवव्या दिवसाचा ताप हाच होता, आणि घरात तीन जणींनी ‘त्या बाजूचं पाजू नको’ म्हणून सांगितलं होतं. दिवसभरात उतार पडला नाही तर औषध लागतं.

शेगडी, मालिश, पोटपट्टा

इथे माझी मतं ठाम आहेत.

सव्वा महिना बाळंतिणीने खोलीत राहावं, तिला कुणी काम सांगू नये, आयतं गरम ताट मिळावं, ही आपल्याकडची फार शहाणी सोय आहे. आयुर्वेदात सूतिकेचा काळ दीड महिन्याचा सांगतात, आणि प्रसूतिशास्त्रही सहा आठवडेच म्हणतं. दोघांचं एवढं जुळणारं दुसरं काही मला आठवत नाही. ही सोय घट्ट धर.

शेगडी सोड. बाजेखाली निखारे ठेवून वर ओवा-बाळंतशेपांची धुरी, दारंखिडक्या बंद. ऊब हवी म्हणून ही रीत आली असेल, पण बंद खोलीतला कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बाळाचं फुप्फुस तर काही दिवसांचं असतं. ऊब हवी तर रबरी पिशवी आहे, गरम पाण्याची आंघोळ आहे. ओवा-शेपांचा वास आवडत असेल तर पुरचुंडी करून उशाशी ठेव.

मालिश सुखाची गोष्ट आहे. पाठ, खांदे, पाय जरूर चोळून घे. सिझर झालं असेल तर जखम भरेपर्यंत पोटाला हात लावू द्यायचा नाही, आणि पोटरी सुजून दुखत असेल तर तिथे मालिश अजिबात नाही. मालिशवाल्या मावशी प्रेमळ असतात पण ऐकत नाहीत. आधीच सांग, आणि तुझं त्या ऐकणार नाहीत असं वाटलं तर आईला सांगायला लाव.

पोटपट्ट्याने चरबी वितळत नाही. सिझरनंतर उठताना आधार वाटतो, तेवढ्यापुरता बांध. रात्रंदिवस करकचून बांधला तर दाब खाली जातो, आणि तिथले स्नायू आधीच ताणलेले असतात.

ताट

पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दोन भाकऱ्या, एक वाटी वरण-भाजी आणि एक लाडू, इतकं जास्तीचं. दोघांसाठी खायचं नाही, आणि ‘वजन उतरवायचंय’ म्हणून उपाशीही राहायचं नाही.

डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं, मेथी, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशेपा-तीळ-ओव्याची सुपारी: सगळं ठेव. कोकणात आणि गोव्यात पेज देतात, तीही ठेव, पोटाला हलकी आणि पाणीही जातं. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ती भाकरीत येऊ दे. फक्त डिंक-तूप-गूळ म्हणजे आहार नव्हे. दिवसाला तीन-चार लाडू खाऊन वरणाची वाटी तशीच परत जात असेल तर स्नायू कशाने भरून येणार? डाळ, उसळ, दही, अंडं, खात असशील तर मासे-चिकन, यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं.

वर्ज्य पदार्थांची यादी प्रत्येक घरात वेगळी असते, यातच काय ते आलं. फळं थंड म्हणून बंद, भाज्या वातूळ म्हणून बंद, डाळी जड म्हणून बंद. मग उरतं काय, तूप-भात. उसळीने तुला गॅस होत असेल तर तू कमी खा, तुझा गॅस दुधातून बाळाकडे जात नाही.

लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस. कॅल्शियमच्या रोज दोन, सहा महिने. आरोग्य केंद्रात दोन्ही मोफत मिळतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही. शी काळी होईल, होऊ दे.

पाहुणे

पाचवीला सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्र जागवतात. मला ती पूजा आवडते. जंतुसंसर्गाने आई किंवा बाळ जायचं ते पहिल्या आठवडा-दहा दिवसांतच, ही भीती त्या रात्रीच्या पोटात असावी असं मला वाटतं. चौदाव्या वर्षी बाळंत झालेल्या आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं, आणि त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. १८८६ साली पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता.

तेव्हा पूजा कर, रात्र जागवायला मात्र दुसरं कुणीतरी बसव. येणाऱ्याला आधी साबणाने हात धुवायला लाव. बारशाला दोनशे माणसं बाराव्याच दिवशी यायला हवीत असंही नाही. बाळंतविड्यात काय आणू असं विचारलं तर ‘एक वेळचा डबा आण’ म्हणून सांग. पाचवा झबल्यांचा जोड कुणालाच नको असतो.

आशाताई येतात तेव्हा बाळ दाखवून पाठवणी करू नको. त्यांच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. वही उलटी करून मागचं पान त्यांच्यापुढे ठेव.

डोळ्यांतलं पाणी

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उगाच रडू येतं. बहुतेकींना येतं. नवरा चहात साखर विसरला म्हणून मी पाऊण तास रडले होते. दोन आठवड्यांत हे विरायला हवं. विरलं नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, आवडीचं काही आवडेनासं झालं, ‘मी वाईट आई आहे’ हा घोष थांबत नाही, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत, पाजत असतानाही घेता येणारे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

वहीत रोज एक आकडा लिहायचा: आज सलग झोप किती तास. दोनच्या वर जात नसेल तर तो घरच्यांचा प्रश्न आहे, तुझ्या स्वभावाचा नाही. एक पाळी नवऱ्याने किंवा आईने घ्यायची: तू पाजायचं आणि झोपायचं, ढेकर काढणं, लंगोट, जोजावणं त्यांचं.

हलायला कधी लागायचं

खालच्या स्नायूंचा व्यायाम नळी निघाली आणि दुखणं सोसवायला लागलं की लगेच. लघवी आणि वारा एकदमच रोखून धरतेयस असं आवळ, श्वास चालू ठेव, जमतील तितके सेकंद धर, सोड. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत, दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाजताना कर, म्हणजे विसरत नाही. प्रत्यक्ष लघवी करताना ती अडवून सराव करायचा नाही.

शिंकताना लघवी होणं पहिल्या आठवड्यांत सर्रास असतं. तीन महिने नेमाने व्यायाम करूनही होत असेल तर ‘बायकांना होतंच’ म्हणून गप्प बसू नको. फिजिओथेरपिस्ट यावर काम करतात.

चालणं रोज थोडं. उताणी पडून, गुडघे वाकवून डोकं जरा उचललंस आणि बेंबीपाशी दोन बोटांहून रुंद खाच लागली तर पोटाचे स्नायू अजून फाकलेले आहेत. तोवर उठाबशा, सिटअप नकोत.

सहाव्या आठवड्याची तपासणी

ही भेट बहुतेक जणी चुकवतात, कारण तेव्हा बाळाच्या लसीची तारीख असते आणि सगळे तिकडे धावतात. दोन्ही एकाच दिवशी ठरव. वही घेऊन जा. बीपी, हिमोग्लोबिन, टाके किंवा व्रण, लघवीवर ताबा, मन, हे सगळं विचारलं गेलं नाही तर तू काढ. गरोदरपणी साखर वाढली होती तर ग्लुकोज पिऊन करायची तपासणी पुन्हा करावी लागते. बाळंत होताच साखर उतरते म्हणून ती राहून जाते आणि काही वर्षांनी मधुमेह सापडतो.

पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा समज सोड. बीज पाळीच्या आधी सुटतं. फक्त अंगावर पाजण्याने संरक्षण मिळतं, पण तीन अटी एकदम पाळल्या तर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाणीसुद्धा न देता फक्त अंगावरचं दूध तेही रात्रंदिवस, आणि पाळी न आलेली. एक अट मोडली की दुसरा उपाय हवा. सरकारी केंद्रात तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळ्या, तांबी, निरोध मोफत मिळतात. पाजणाऱ्या आईला ‘अंतरा’ सहा आठवड्यांनंतर देतात. पुढचे दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षांचं अंतर ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शरीरसंबंध रक्त थांबल्यावर, टाके भरल्यावर, आणि मुख्य म्हणजे तुला वाटेल तेव्हा. सहा आठवडे ही काही मुदत नव्हे की त्या दिवशी हजर व्हावं. पाजण्याच्या काळात खाली कोरडं पडतं, पाण्याचं वंगण औषधाच्या दुकानात मिळतं. दुखत राहिलं तर सांग.

नोकरीत असशील तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी घेता येतात. माझं मत विचारशील तर आधी कमी घे आणि नंतरसाठी साठव.

वही साधारण इथे बंद होते. माझी चौथ्या महिन्यात पुन्हा उघडली, कारण न्हाणीघराच्या जाळीत रोज मूठभर केस अडकायला लागले. गरोदरपणी जे गळायचे थांबलेले असतात ते आता एकदम गळतात. टक्कल पडत नाही. वर्षभरात भरून येतात, कपाळाशी उभे राहिलेले बारके केस दिसायला लागले की समजायचं सुरुवात झाली. वर्ष उलटूनही थांबलं नाही, किंवा बरोबर थकवा, धडधड, वजनात एकदम फरक असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे.